बैठकीच्या आधी एक कागद: लग्न ठरत असलेल्या मुलाने पैशांचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: वय 30, हिंजवडीत नोकरी, महिन्याला हातात 88 हजार. दोन वर्षांपूर्वी डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या मुलीशी लग्न ठरतंय, तिच्या हातात 1 लाख 10 हजार येतात. आई-वडील कराडजवळच्या गावी. गाडीचा हप्ता 14,500. बहिणीच्या लग्नाला काढलेल्या कर्जाचे 2 लाख 40 हजार बाकी, त्याचा हप्ता 9 हजार. म्युच्युअल फंडात 9 लाख, एफडी 4 लाख. वडिलांना 700 पानांचं लग्न करायचंय आणि त्यासाठी मुलाच्या नावावर 8 लाखांचं पर्सनल लोन काढायचं म्हणतात. वाकडला 72 लाखांचा फ्लॅट बघून ठेवलाय. मित्र सांगतात, जे घेशील ते आईच्या नावावर घे, उद्या घटस्फोट झाला तर अर्धं जातं. ती जास्त कमावते तर घरखर्च कसा वाटायचा, आणि सुरुवात कुठून करायची?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही एकाच वर्षात करायला सांगितलं नव्हतं. तुमचे आकडे आधी एका ओळीत मांडतो. वाकडच्या फ्लॅटला बँक 80 टक्के कर्ज देईल, म्हणजे 57 लाख 60 हजार. व्याज साडेआठ टक्के धरलं आणि मुदत 20 वर्षं, तर हप्ता जवळपास 50 हजार. लग्नाचे 8 लाख 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 18,200. गाडीचे 14,500. बहिणीच्या लग्नाचे 9 हजार. बेरीज 91,700 होते आणि तुमच्या हातात 88 हजार येतात. किराणा अजून भरलेला नाही, गावी एक रुपया पाठवलेला नाही.

ही बेरीज तुम्ही केली नसेल असं मी म्हणत नाही. केली असणार, आणि "ती कमावतेच की" असं मनात म्हणून पुढे गेला असणार. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरेच जण इथेच येऊन थांबतात. बायकोचा पगार हिशोबात धरलेला असतो, पण ते बायकोला सांगितलेलं नसतं. म्हणून सुरुवात फ्लॅटपासून किंवा कार्यालयापासून करू नका. एका कागदापासून करा.

तो कागद कसा असावा, हे सुप्रीम कोर्टाने आधीच ठरवून ठेवलंय. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 रोजी निकाल लागला. पोटगीच्या प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, असं कोर्टाने सांगितलं आणि त्याचा नमुनाही निकालासोबत जोडला. महिन्याचा खर्च, अवलंबून असलेली माणसं, बँक खाती, शेअर, विमा, दागिने, जमीन, कर्जं, कुणाला दिलेले पैसे, सगळं त्यात येतं. संसार मोडल्यावर परस्परांना जे दाखवावं लागतं, ते मांडायच्या आधी दाखवायला काय हरकत आहे? माझ्याकडे लग्न ठरलेलं जोडपं आलं की मी हाच नमुना सोपा करून दोघांच्या हातात देतो. शपथ नको, स्टँपपेपर नको. वेगवेगळं बसून भरा आणि मग कागद अदलाबदल करा.

पगार कुणी लपवत नाही, तो अ‍ॅपवरच कळलेला असतो. लपलेलं असतं ते वेगळंच. मित्राच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहिलेला मुलगा हे कर्ज "माझं नाही" म्हणून लिहीत नाही, आणि त्याच्या सिबिल रिपोर्टवर ते ठळक दिसत असतं. चुलत्याकडून घेतलेले हातउसने. क्रेडिट कार्डावर दर महिन्याला भरली जाणारी "किमान रक्कम". गावच्या सोसायटीचं पीककर्ज, जे सातबाऱ्यावर चढलेलं असतं आणि जे शेवटी मुलगाच फेडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मुलींच्या कागदावर बहुधा शैक्षणिक कर्ज असतं, किंवा धाकट्या भावाची फी. सिबिलसारख्या, आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दोघांनी काढा आणि कागदाला जोडा.

आणि एक रकाना मी मुद्दाम मोठा ठेवतो: घरी किती पाठवता, आणि पुढे किती पाठवावे लागतील. पहिल्या वर्षातली भांडणं मी जेवढी ऐकतो, त्यातली बरीचशी या रकान्यातून निघतात. मुलगा 15 हजार गावी पाठवतो हे तिला सहाव्या महिन्यात बँकेच्या एसएमएसवरून कळतं. तिने आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला 40 हजार दिले, तर त्याला वाटतं विचारायला हवं होतं. आई-वडिलांना सांभाळणं मुलाचंच काम असाही समज आहे. 1987 सालीच सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय की लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. तेव्हा तुम्ही घरी जे काही पाठवता ते आणि ती जे पाठवते ते, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले जाऊ देत.

आता मित्रांचा सल्ला. सगळं आईच्या नावावर ठेवायचा. हा सल्ला सध्या रील्समधून इतका फिरतोय की त्यावर सविस्तर लिहितो. तुम्ही दोघं हिंदू आहात असं धरून.

पहिली गोष्ट म्हणजे, घटस्फोट झाला की अर्धी मालमत्ता बायकोला जाते असा कायदा आपल्याकडे नाही. तो कॅलिफोर्नियातला आहे, सिनेमांतून आणि बातम्यांतून आपल्या डोक्यात बसलाय. इथे पोटगी ठरते. ती दोघांचं उत्पन्न, गरज, राहणीमान, मुलं, लग्नाची वर्षं बघून न्यायाधीश ठरवतात. हिंदू विवाह कायद्यात तर पोटगी नवराही मागू शकतो, आणि जास्त कमावणारी बायको असेल तर हा प्रश्न उलट्या दिशेनेही येऊ शकतो. अर्ध्याचा नियम देशात एका ठिकाणी खरंच आहे, तो म्हणजे गोव्यात. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार करून ठेवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. गोव्यातल्या मुलांनी हे उत्तर त्या हिशोबाने वाचावं, आणि तिथला लग्नपूर्व करार हा खरोखरचा करार आहे हे लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात तसा करार करून त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, पोटगी ठरवताना कोर्ट फक्त नावं बघत नाही. पगार तुमचा, हप्ता तुमच्या खात्यातून, राहता तुम्ही आणि फ्लॅट आईचा, हे शपथपत्राला जोडलेल्या बँक स्टेटमेंटवरून कुणीही वाचू शकतं.

तिसरी गोष्ट मित्रांना माहीत नसते. आईच्या नावावर घेतलेली वस्तू आईची होते. मृत्युपत्र न करता आई गेली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिची मालमत्ता तिची मुलं, मुली आणि नवरा यांच्यात सारखी वाटली जाते. तुमच्या घरात याचा अर्थ एक तृतीयांश वडील, एक तृतीयांश बहीण, एक तृतीयांश तुम्ही. 20 वर्षं हप्ते तुम्ही भरलेल्या फ्लॅटमधला दोन तृतीयांश हिस्सा कागदोपत्री दुसऱ्यांचा. बहीण हक्कसोड करून देईलच, असं आज वाटतं. बहिणीला नवरा असतो, नवऱ्याला भाऊ असतात, आणि वाकडच्या फ्लॅटची किंमत तोवर वाढलेली असते. बायकोपासून वाचवायला निघालेला माणूस शेवटी बहिणीच्या घरच्यांशी कोर्टात उभा राहिलेला मी पाहिलाय.

आणि हे सगळं सोडा. जिच्याशी लग्न करताय तिच्याविरुद्ध तटबंदी बांधायची असेल इतका संशय आहे, तर माझी फी वाचवा आणि लग्नच पुढे ढकला.

फ्लॅटकडे येऊ. 72 लाखांच्या फ्लॅटला 20 टक्के म्हणजे 14 लाख 40 हजार तुमच्या खिशातून. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 5 लाख 4 हजार. नोंदणी 30 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, 3 लाख 60 हजार. बेरीज 23 लाख 34 हजार, आणि तुमच्याकडे सगळं मोडून 13 लाख आहेत. उरलेले कुठून येणार, याला "बिल्डर अ‍ॅडजस्ट करतो" हे उत्तर नाही. दोन वर्षं भाड्याने राहा. दोघांच्या ऑफिसचा प्रवास, घरी कोण येऊन राहणार, मूल कधी, हे कळल्यावर घेतलेलं घर चुकत नाही.

घ्याल तेव्हा नावाचा विचार असा करा. खरेदीखतात फक्त महिला खरेदीदार असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही, हे बऱ्याच जणांना दस्त नोंदवायच्या दिवशी कळतं. 72 लाखांवर 72 हजार वाचतात. तेवढ्यासाठी नाव सोडावं का? तुमच्या घरात दोघंही हप्ता भरणार, तर दोघांची नावं असू देत, आणि कोणाचा किती टक्के हिस्सा ते खरेदीखतातच लिहून घ्या. कर्जात सहकर्जदार पण खरेदीखतात नाव नाही, अशी अवस्था कुणाचीच करू नका. बँकेला देणं दोघांचं आणि घर एकाचं, हा प्रकार मला नवऱ्यांपेक्षा बायकांच्या बाबतीत जास्त दिसतो.

करबचतीसाठी घर घ्या, असं अजून कुणी सांगत असेल तर त्याची वही जुनी आहे. नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाख पगारापर्यंत करच लागत नाही, आणि त्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. "लग्न झालं ना, मग एचयूएफ काढ", म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने वेगळं करखातं काढ, हा सल्लाही तसाच. एकदा पैसा एचयूएफमध्ये गेला की तो कुटुंबाचा होतो, बाहेर काढणं जिकिरीचं. तुमच्या पगाराला त्याची गरज नाही.

आता 700 पानं. वडिलांशी बोलणं अवघड आहे, मान्य. त्यांनी तीस वर्षं इतरांच्या लग्नात आहेर केलेत, ती परतफेड त्यांना चारचौघांत व्हायला हवीय. म्हणून "खर्च नको" असं म्हणू नका. ताटाचा भाव सांगा. कार्यालयाने ताटाला 600 सांगितले तर 700 पानांचे 4 लाख 20 हजार फक्त जेवणाचे. करारात "किमान पानं" असा एक आकडा असतो. पाऊस आला, पाहुणे कमी आले, तरी तेवढ्याचे पैसे द्यावेच लागतात. जनरेटर, साफसफाई, पाणी यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. मग फेटे, बॅन्जो, बस्ता, प्री-वेडिंग, मानपानाच्या साड्या. वडिलांसमोर कार्यालयाचं कोटेशन आणि 18,200 चा हप्ता शेजारी ठेवा. पाच वर्षांत 8 लाखांचे जवळपास 10 लाख 92 हजार होतात. ऋण काढून सण करू नये हे त्यांनीच तुम्हाला शिकवलेलं असणार. गावाकडे पूजेला गावजेवण आणि लग्नाला 250 पानं, असा मधला मार्ग सातारा-सांगलीकडे बऱ्याच घरांनी काढलाय, आणि कुणाचं नाक कापलं गेलेलं नाही.

माझा आकडा विचाराल तर असा. 13 लाखांतून 4 लाख बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही, नोकरी गेली तर सहा महिन्यांची सोय म्हणून. बहिणीच्या लग्नाचं कर्ज 2 लाख 40 हजार भरून टाका, दरमहा 9 हजार मोकळे होतात. उरले 6 लाख 60 हजार. त्यातले तीन-साडेतीन लाख लग्नाला, बाकीचे संसाराला आणि पुढच्या घराला. वडिलांना त्यांच्या साठवणीतून काही घालायचं असेल तर घालू दे. कर्ज नाही. फंड विकताना एवढं बघा की वर्षाहून जुन्या इक्विटी फंडावरचा, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडावरचा, नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. शक्य असेल तर मार्चमध्ये थोडं आणि एप्रिलमध्ये थोडं विका.

बैठकीत खर्चाचं बोलणं निघेल. "लग्न मुलीकडच्यांनी करून द्यायचं" हे वाक्य तुमच्या बाजूच्या कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान पाच वर्षांपासून सुरू होते. आपखुशीने आलेल्या भेटींची यादी करून त्यावर सह्या घ्यायच्या, असा नियम 1985 पासून आहे, पाळत कुणीच नाही. तुम्ही पाळा. कोणी काय दिलं, वजन किती, फोटो. यादीने मुलीचं जेवढं रक्षण होतं तेवढंच तुमचंही. लग्नात वर-वधूला मिळालेला आहेर कितीही असला तरी त्यावर कर नाही. मात्र पाकिटं वडिलांच्या खात्यात भरू नका, ही सवलत त्यांना नाही.

सोन्याबद्दल एकच, पण पक्कं. तिच्या अंगावर माहेरून, सासरहून, कुणाकडूनही आलेले दागिने हे तिचं स्त्रीधन. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की त्यावर नवऱ्याची मालकी नाही. अडचणीत वापरलं तर परत करायची जबाबदारी त्याची. फ्लॅटच्या 20 टक्क्यांसाठी तिचं सोनं गहाण ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर तो आत्ताच काढून टाका.

खर्चाची वाटणी. निम्मं-निम्मं ऐकायला बरं वाटतं, पण पगार सारखे नसतील तर एकाची ओढाताण होते. एक सामाईक खातं काढा, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं. घरभाडं, किराणा, वीज, कामवाल्या मावशी, गॅस, दवाखाना, सगळं त्याच खात्याच्या यूपीआयवरून. महिन्याला 70 हजार लागतात असं धरलं, तर पगाराच्या प्रमाणात तुमचे 31 हजार आणि तिचे 39 हजार. उरलेलं ज्याचं त्याच्याकडे, त्याचा हिशोब विचारायचा नाही. ती 8 हजार जास्त घालते म्हणून तुम्हाला टोचत असेल, तर स्वयंपाक आणि भांडी कोण करतं तेही त्याच कागदावर लिहा. टोचणं कमी होईल. मूल झाल्यावर तिचा पगार सहा महिने किंवा दोन वर्षं थांबला तर प्रमाण बदलायचं, हेही आत्ताच बोलून ठेवा.

हे वाचणारे जे अजून अ‍ॅपवरच आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता. पहिल्याच भेटीचं हॉटेल समोरच्या व्यक्तीने हट्टाने ठरवलं असेल, तर मेन्यूकार्डावरचे भाव बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. 20-25 हजारांची बिलं दाराशी बाउन्सर उभा करून वसूल झाली आहेत. महिनाभर गोड बोलून कुणी क्रिप्टोत किंवा ट्रेडिंगच्या अ‍ॅपमध्ये पैसे घालायला सांगितलं, तर ते प्रेम नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते. आणि एजंटला दीड-दोन लाख देऊन परजिल्ह्यातली मुलगी "आणून" लग्न करणाऱ्यांच्या घरातून आठवड्यात मुलगी आणि दागिने दोन्ही गेल्याच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुलांनी मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. त्यातली मोठी मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. मागणी एवढी असली की फसवणारे येणारच.

लग्नानंतरची कामं कंटाळवाणी आहेत, पण ती राहिली की बायकोच्या वाट्याला चकरा येतात. पीएफमधलं लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न होताच आपोआप रद्द ठरतं. नवं भरा, पोर्टलवर ऑनलाइन होतं. बँक, फंड, डीमॅट इथलं जुनं नॉमिनेशन मात्र आपण बदलेपर्यंत तसंच राहतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही समजून घ्या. डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअर आणि फंडांच्या बाबतीत ते स्पष्ट केलंय, नॉमिनीकडे पैसा आला तरी हक्क वारसांचाच. तुम्ही मृत्युपत्राविना गेलात आणि मूल नसेल, तर तुमचं जे आहे ते आई आणि बायको यांच्यात निम्मं-निम्मं. वडिलांना पहिल्या फळीत वाटाच नाही. वडिलांसाठी काही ठेवायचं असेल तर एका पानाचं मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार पुरतात.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, एक ते सव्वा कोटीचा घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तुमच्यावर आई-वडीलही अवलंबून आहेत, म्हणून एक मोठी पॉलिसी घेण्याऐवजी दोन घ्या. बायकोसाठीची 1874 च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे तुमच्या कर्जाचे धनको त्या पैशाला हात लावू शकणार नाहीत. ही सोय पॉलिसी घेतानाच मागावी लागते, मागून जोडता येत नाही, आणि एकदा लिहिलेलं नाव तुमच्या मर्जीने बदलता येत नाही. आई-वडिलांना त्या कायद्याखाली लाभार्थी करता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरी साधी पॉलिसी. ती मात्र लग्नाची वाट न बघता याच महिन्यात घेऊन टाका. विम्याच्या मेडिकल तपासणीला सकाळी उपाशीपोटी जावं लागतं, त्यामुळे केळवणं सुरू व्हायच्या आत उरका.